घाण्याच्या तेलावरची मॅटाडोर

एकोडीच्या भय्याजी हटवारांचं एका मॅटाडोरशी वैर होतं, आणि वैरीण त्यांच्याच अंगणात मुक्कामाला होती. अंगणाच्या एका कडेला वडिलांच्या वेळचा लाकडी घाणा, दुसऱ्या कडेला मुलानं आणलेली निळी मॅटाडोर, आणि मधे भय्याजींची बाज. बाजेवर बसताना ते तोंड घाण्याकडे करत आणि पाठ मॅटाडोरकडे. एखाद्या पाहुण्यानं येताच गाडीचं कौतुक केलं, की त्याचा चहा हमखास लांबायचा.

वैर उगाच नव्हतं. भय्याजी जातीचे आणि कसबाचे तेली. एके काळी एकोडीतले दिवे त्यांच्या करंजीच्या तेलावर जळत आणि भाज्या त्यांच्या जवसाच्या तेलात शिजत. मग रॉकेल आलं आणि करंजीला कुणी विचारेनासं झालं. साकोलीला तेलाची गिरणी आली आणि जवसाचं गिऱ्हाईकही तिकडं वळलं. घाणा आधी रोज फिरायचा, मग बाजाराच्या आदल्या दिवशी, मग सणासुदीला. आळीपाळीनं फिरणाऱ्या दोन बैलांपैकी एक मॅटाडोरच्या सौद्यात गेला. उरला तो चांद्या, कपाळावर पांढरी कोर असलेला ठेंगणा, समजूतदार बैल. तो रिकामा उभा राहून घाण्याकडे पाही आणि भय्याजी त्याच्याकडे पाहत. दोघांनाही काम नव्हतं, आणि काम नसलेल्या माणसाला राग धरायला वेळ भरपूर असतो.

मुलगा जागेश्वर मात्र भला होता. भंडाऱ्याला ट्रकवर क्लिनर म्हणून राहिला, तिथंच स्टिअरिंग शिकला आणि ही जुनी डिझेलची मॅटाडोर घेऊन गावी परतला. साकोलीचा बाजार, लग्नाची वऱ्हाडं, अडलेली बाळंतीण, बकऱ्या, धानाची पोती, जे येईल ते तो नेई. गाडीला खोड एकच, धुराची. चढावर लागली की असा काळा धूर सोडायची, की मागून सायकलवर येणारा माणूस घरी पोचेपर्यंत ओळखू येत नसे. सत्यभामाबाई, म्हणजे जागेश्वरची आई, दम्याच्या. त्या मुलाच्या गाडीत एकदाच बसल्या आणि अर्ध्या वाटेत उतरून पायी घरी आल्या. त्या दिवशी भय्याजींना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतः चहा मांडला.

एकोणऐंशी साली डिझेलचा दुष्काळ पडला. साकोलीच्या पंपावर डबे आणि पिंपं माणसांच्या जागी रांगेत उभी राहू लागली. जागेश्वर सकाळी डबा ठेवून येई आणि संध्याकाळी तोच रिकामा डबा घेऊन परते. मॅटाडोर अंगणात उभी राहिली. आता घाणाही उभा, गाडीही उभी, बैलही उभा. भय्याजींना याचं सुख व्हायला हवं होतं, पण झालं नाही. पोराचा उतरलेला चेहरा बघवत नव्हता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही एवढंच.

एका संध्याकाळी रॉकेलही नव्हतं, म्हणून सत्यभामाबाईंनी ओसरीत करंजीच्या तेलाचा जुना दिवा लावला. जागेश्वर त्या ज्योतीकडे पाहत बसला. मग म्हणाला, "बाबा, दिव्यात जळते ते इंजनात काहून जळनार नाई?"

"इंजनले करंजी पाजतं?" भय्याजी म्हणाले. "काहून, तिले खरूज झाली काय?"

करंजीचं तेल खरजेवर लावतात, हे तिकडं शेंबडं पोरगंही जाणतं. जागेश्वर हसला, पण डोक्यात घेतलेलं त्यानं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं घरातलं होतं नव्हतं ते करंजीचं तेल आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलं, तळाशी उरलेल्या डिझेलमध्ये मिसळलं आणि चावी फिरवली. मॅटाडोर खोकली, शिंकली, सगळ्या अंगणाला पांढऱ्या धुरानं न्हाऊ घातलं आणि बंद पडली. भय्याजींनी पाठ न वळवताच विचारलं, "झालं समाधान?"

समाधान व्हायला थंडी सरावी लागली. करंजीचं तेल गारठ्यात तुपासारखं घट्ट होतं, ते नळीतून पुढं सरकेच ना. साकोलीचा इश्वर मेकॅनिक हा जागेश्वरचा जुना दोस्त. दोघांनी डोकं लढवून गाडीला दुसरी टाकी बसवली आणि तिची नळी सायलेन्सरला चिकटून फिरवून आणली, म्हणजे तेल तापून पातळ होऊनच इंजिनात जाई. सुरुवात डिझेलवर करायची, इंजिन तापलं की कॉक फिरवून करंजीवर यायचं, आणि थांबण्याआधी पुन्हा थोडं डिझेल पाजायचं, म्हणजे नळ्या धुतल्या जातात. डिझेल आता लोणच्यासारखं तोंडी लावण्यापुरतं उरलं, जेवण करंजीचं.

आणि करंजीची काय कमी? एकोडीच्या तळ्याच्या पाळीवर करंजीच करंजी. उन्हाळ्यात शेंगा गळून सडत पडायच्या. आता बाया टोपल्या भरून बिया आणू लागल्या. त्यासाठी जागेश्वरला वडिलांपुढं उभं राहावं लागलं. "बाबा, मले रोज तेल पाह्यजे. घाना चालू करा."

भय्याजींनी बाजेवरून पाय खाली सोडले. मग उठले, गोठ्यात गेले आणि खुंटीवरचं चांद्याचं ढापण काढून त्यावरची धूळ झटकली. घाण्याला जुंपताना बैलाच्या डोळ्यांवर बांधायची ती झापडं. चांद्यानं ती पाहिली आणि स्वतःहून मान पुढं केली. भय्याजींनी त्याला एक शिवी दिली आणि ढापण बांधलं.

घाणा करकरला, मग गुणगुणू लागला. काही दिवसांनी गावानं एक गोष्ट पाहिली. भय्याजींची बाज फिरली होती. आता तिच्यावर बसलं की घाणा आणि मॅटाडोर दोन्ही दिसतील अशी तिरकी पडली होती.

पर्यावरण हा शब्द तेव्हा एकोडीत पोचायचा होता, पण नाक सगळ्यांना होतं. काळा धूर गेला. गाडी गेली की मागं जळत्या दिव्याचा कडवट वास रेंगाळे आणि म्हातारी माणसं म्हणत, दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. सत्यभामाबाई घाबरत घाबरत साकोलीपर्यंत बसून गेल्या आणि न खोकता परत आल्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं सगळ्यांना सांगत सुटल्या. तेल काढून उरलेली ढेप धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, जाई, तिच्या कडूपणानं कीड लागत नसे. शेजारचा केवळराम, ज्याला दुसऱ्याच्या घरातलं काहीही चांगलं झालेलं खपत नसे, तोही म्हणाला, "तेल्यानं तं मोटारीले दिव्याची वात लावली गा." हे त्याच्या तोंडून निघालेलं मोठंच कौतुक होतं.

वैरी जेव्हा मित्र होतो, तेव्हा तो जरा जास्तच मित्र होतो. भय्याजी सकाळी गाडीची काच पुसू लागले. तेल टाकीत ओतायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. बाजारातून गाडी उशिरा आली, की चांद्याच्या पाठीवर हात ठेवून वाटेला डोळे लावत. आणि मग पोळा आला.

चांद्याला तळ्यावर धुतलं, शिंगांना गेरू लावला, बेगड चिकटवलं, गळ्यात माळ घातली. भय्याजींनी तोच गेरू मॅटाडोरच्या बंपरला लावला, तीच माळ आरशाला बांधली. सत्यभामाबाई पुरणाची पोळी घेऊन बाहेर आल्या, चांद्याला ओवाळून भरवली. भय्याजी पाहत राहिले. मग म्हणाले, "बैलाले आज पुरन. अन् ही बिचारी इतके महिने कडू पिऊन राहिली, तिले सनालेबी कडूच पाजाचं काय?"

ते आत गेले आणि नव्या जवसाच्या तेलाचा डबा घेऊन आले. पहिल्या घाण्याचं, सोनेरी, घरच्या खाण्यासाठी राखलेलं गोड तेल. "हे पाजू."

जागेश्वरला ते इतकं आवडलं, की त्यानं धावत जाऊन चाडी, म्हणजे तेल ओतायचं नरसाळं, आणली आणि टाकीच्या तोंडाशी धरली. भय्याजींनी डबा रिकामा केला. अंगणात जमलेल्या लोकांना गंमतही वाटली आणि बरंही वाटलं. गाडी चालू केली, कॉक फिरवला, इंजिन असं मऊ घरघरू लागलं, की भय्याजी खूश झाले. "पाह्य, गोड लागलं तिले." तेवढ्यात बैल तोरणाखाली आणा म्हणून हाका आल्या. जागेश्वरनं तशीच चावी बंद केली आणि सगळे चांद्याला घेऊन निघाले. डिझेल पाजून नळ्या धुवायचं राहून गेलं. सणाला एवढं कोण पाहतो?

पोळ्यानंतर पावसानं जोर धरला. एकोडीचा रस्ता गुडघाभर चिखलाचा झाला आणि गाडी ताडपत्रीखाली झोपली. ती जागी केली थेट दिवाळी झाल्यावर, मंडईच्या तोंडावर. तिकडं दिवाळी सरली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री दंडारीचा खेळ होतो, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. भय्याजींची चंद्रकला पवनी तालुक्यातल्या आसगावला दिलेली. यंदा भाऊ तिला गाडीनं आणणार, असा निरोप गेला होता. चंद्रकलेनं हे सगळ्या आसगावला सांगून ठेवलं असणार, यात भय्याजींना शंका नव्हती. पोर बापावर गेली होती.

मॅटाडोर चालू होईना. चावी फिरवली, पोरांनी धक्का मारला, मारुतीला नारळ कबूल केला, काही उपयोग नाही. शेवटी जागेश्वर सायकलवर जाऊन इश्वरला घेऊन आला.

इश्वरनं नळ्या सोडल्या, नोझल काढले, बोटानं आतून खरवडलं आणि मान हलवली. आत तपकिरी, चिवट साल धरली होती, फणसाच्या चिकासारखी. "काकाजी, राग नका मानू," तो म्हणाला, "तुमच्या कडू तेलानं इंजनाचा गळा धरला. म्या तवाच म्हनलं होतं, एवढं जाडं तेल पचनार नाई. आता डिझेल मिळून राहिलं. करंजीची टाकी काढून टाकू."

 जागेश्वरनं घाण्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, ती भय्याजींनी टिपली. टाकी निघाली की घाणा थांबणार. चांद्याचं ढापण पुन्हा खुंटीवर. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती धुपाटणं.

भय्याजींनी इश्वरच्या हातातला नोझल घेतला. त्या सालीला नख लावलं, वास घेतला आणि त्यांचं तोंड उतरलं. हा वास करंजीचा नव्हता. ही साल ते चांगली ओळखत होते. दर उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकांना ते जवसाचं तेल लावत, ते काही दिवसांत असंच सुकून चिवट कातडं धरी, म्हणून तर पावसाचं पाणी लाकडात शिरत नसे. सगळ्या गावाच्या चाकांना त्यांनीच ते तेल पुरवलं होतं. जवस सुकतो, ही गोष्ट तेल्याच्या पोराला बाराखडीच्या आधी कळते. आणि आपण ते इंजिनात ओतलं, वर लोकांना बोलावून ओतलं.

भय्याजी नोझल तसाच हातात घेऊन घाण्याच्या लाकडावर जाऊन बसले. त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते गप्प राहायचं, कारण तेही माणूसच होते. गप्प राहिलं तर आपली लाज राहते. पण घाणा जातो. बोललं तर करंजी सुटते, पण पोराची गाडी बापानं मारली हे एकोडीच काय, आसगावपर्यंत कळतं. केवळराम तर ते जन्मभर पुरवून सांगेल. चांद्या जवळ आला आणि त्यानं भय्याजींचा खांदा हुंगला. आपला उद्या घाणा आहे की नाही, एवढंच त्याला विचारायचं असावं.

भय्याजी उठले आणि परत आले. "इश्वर, करंजीचा दोष नाई," ते म्हणाले. "हे जवस आहे. पोळ्याले मीच पाजलं. तेली असून मले सुचलं नाई. गाडी म्या मारली, करंजीनं नाई."

 केवळराम कुंपणापाशी उभा होता, त्यानं कान टवकारले.

"डबा तुमी रिकामा केला, बाबा," जागेश्वर म्हणाला, "पन चाडी मीच धरली होती. डिझेल पाजाचं मीच विसरलो. मीबी तेल्याचाच पोट्टा आहो ना." आणि तो हसला. आधी हळू, मग न थांबता. भय्याजींना आधी राग आला, मग तेही हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी कशाचं हे त्यांना विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

सत्यभामाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "इतकं रडाले काय झालं?" त्या म्हणाल्या. "जवसाच्या डब्यानं साल धरली तं आपन कशानं धुतो? राखेच्या पान्यानं. मंग हेबी डबेच होत ना?"

इश्वरनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, करून पाहू. तुराट्यांची राख पाण्यात भिजवून वरचं निवळ पाणी चुलीवर चढवलं. टाकी, नळ्या, नोझल त्यात उकळले. साल फुगली, सुटली आणि चिंध्या होऊन वर तरंगली. इंजिनाचा पंप मात्र इश्वरनं बाईंच्या हाती दिला नाही. तो त्यानं स्वतः उघडला आणि तुकडा तुकडा पुसून रॉकेलनं धुतला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इश्वर आणि जागेश्वर दोघांचे हात कोपरापर्यंत काळे आणि सत्यभामाबाईंची निम्मी चूल मेकॅनिकच्या सामानानं भरलेली.

चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि लागली. जागेश्वरनं इंजिन तापू दिलं, कॉक फिरवला, आणि थोड्या वेळानं जळत्या दिव्याचा तो कडवट वास अंगणात पसरला.  भय्याजी चांद्याला घाण्याला जुंपायला गेले, कारण आसगाव लांब होतं आणि तेल लागणार होतं.

चंद्रकला मंडईला आली. गाडीतून उतरताच म्हणाली, "बाबा, तुमी गाडीले फोडनी देली म्हने?" आसगावला बातमी गाडीच्या आधी पोचली होती. भय्याजींनी लेकीला जवळ घेतलं आणि मनातल्या मनात केवळरामचा उद्धार करून मोकळे झाले.

पुढची वर्षं अशीच सुखात गेली. दर पोळ्याला लोक विचारत, "भय्याजी, यंदा काय पाजता?" ते जवसाचा डबा घेऊन येत आणि फडक्यानं गाडीतल्या लाकडी बाकांना लावत. बाकं चकाकत. टाकीत मात्र रोजचं कडूच. एखादा नवखा पाहुणा कळवळला, तर भय्याजी म्हणत, "तिचं गोड तेच आहे गा."

चांद्या म्हातारा झाला. घाण्याला तरणा बैल आला आणि चांद्या गोठ्यात बसून त्याच्या फेऱ्या मोजल्यासारखा पाहत राही. शहाऐंशीच्या पोळ्याला त्याला सजवलं, पण तोरण गावाबाहेर, मारुतीपाशी, आणि त्याला गोठ्यातून अंगणापर्यंत आणतानाच गुडघे दुमडले. बैलानं पोळ्याला तोरणाखाली जायचं असतं. सत्यभामाबाई म्हणाल्या, राहू द्या, इथंच ओवाळू.

भय्याजींनी चांद्याच्या गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "जागेश्वर, बाकं काढ."

बाकं निघाली, तळाला तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरला, फळ्यांचा उतार लावला आणि चौघांनी रेटून चांद्याला मॅटाडोरमध्ये चढवलं. भय्याजी त्याच्यासोबत मागं उभे राहिले. गाडी तोरणाशी आली, तेव्हा रांगेत उभे असलेले बैल आणि माणसं दोन्ही वळून पाहू लागली. केवळराम म्हणाला, "काय भय्याजी, बैल गाडी ओढते हे पाह्यलं होतं. गाडी बैल ओढते हे आजच पाहून राहिलो."

लोक हसले. भय्याजी हसले नाहीत. "साकोलीले, पवनीले, आसगावले आपन सारे यानंच नेले गा," ते म्हणाले. "तेल कोनाचं होतं? जनमभर अंगनात गोल फिरला अन् गाव फिरवून आनलं. पन हा सोता कवा गेला कुठं?"

 केवळराम पुढं झाला आणि गाडीला वाट करून द्यायला त्यानं आपले बैल बाजूला घेतले.

जागेश्वरनं गाडी हळू चालवत तोरणाखालून नेली आणि पलीकडं थांबला. "आता घरी?" त्यानं मागं वळून विचारलं.

"नाई," भय्याजी म्हणाले. "साकोलीच्या वाटेनं घे. सीधा."

गाडी साकोलीच्या वाटेला लागली. दोन्ही बाजूंना हिरवं धान उभं होतं. चांद्यानं खिडकीतून मान बाहेर काढली, वाऱ्यानं त्याची माळ उडू लागली. भय्याजी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. तळ्याची पाळ आली, मग करंजीची झाडं आली आणि मागं राहिली, तरी त्यांनी जागेश्वरला थांब म्हटलं नाही.